बोट ठरवेल ते: ओगासावाराच्या पक्ष्यांपर्यंत पोचायचं कसं

ओगासावारा बेटांवर विमानतळ नाही. ही एक गोष्ट आधी नीट डोक्यात बसवून घ्या, कारण सुट्टी किती काढायची, व्हिसाला कधी अर्ज टाकायचा, पैसे किती लागतील आणि पक्षी कुठले दिसतील हे सगळं त्याच्यावरच ठरतं. टोकियोपासून दक्षिणेला साधारण १००० किलोमीटर, भर पॅसिफिकमध्ये ही बेटं आहेत, आणि तिथे जायला एकच नेहमीची बोट आहे, 'ओगासावारा मारू'. एका बाजूला २४ तास. टोकियोहून सकाळी ११ ला सुटते, दुसऱ्या दिवशी ११ ला चिचिजिमा या मुख्य बेटाला लागते, तिथे बहुतेक वेळा तीन रात्री थांबते आणि मग दुपारी ३ ला परत निघते. म्हणजे कमीत कमी सहा दिवसांचा मामला, मधेच कंटाळा आला म्हणून लवकर परत वगैरे काही नाही. गंमत म्हणजे कागदोपत्री हे सगळं टोकियोच, बेटावरच्या गाड्यांना पण टोकियोतल्या शिनागावाच्या नंबरप्लेटा आहेत.

मला ही बेटं हवी होती ती मेगुरोसाठी. हा छोटा पिवळा-हिरवा पक्षी जगात फक्त इथल्या हाहाजिमा बेटावर आणि तिच्या शेजारच्या एक-दोन बेटांवर उरलाय. शिवाय बोटीतून दिसणारे समुद्री पक्षी. माझी मावसबहीण, म्हणजे आमची ताई, तिला पक्ष्यांचं काही वेड नाही, पण तिला मोठ्या बोटीत बसायचं होतं. म्हटलं चला, जोडी जमली.

तयारी मार्चमध्ये सुरू केली, जायचं होतं मेच्या मध्यावर. मेच का, तर एप्रिलच्या शेवटापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जपानमध्ये गोल्डन वीकची सुट्टी असते, तेव्हा बोट खच्चून भरते आणि राहायला जागा मिळत नाही. जुलैनंतर वादळांची भीती. मे महिन्यात पाऊस असतो, दमट असतं, पण हिवाळ्यात वीण करणारे काही समुद्री पक्षी अजून गेलेले नसतात आणि उन्हाळ्यातले आलेले असतात. हे दोन्हीकडचं गिऱ्हाईक एकदम सापडतं म्हणून मे.

आता कागदपत्रांचा क्रम, कारण यात मला सगळ्यात जास्त टेन्शन आलं होतं. जपानच्या सिंगल एन्ट्री व्हिसाची मुदत दिल्यापासून तीन महिने असते, म्हणजे फार आधी काढून उपयोग नाही. बोटीचं बुकिंग उघडतं साधारण दोन महिने आधी. आणि व्हिसाच्या अर्जाला दिवसागणिक कार्यक्रम जोडावा लागतो, कुठल्या तारखेला कुठे राहणार त्याच्यासकट. म्हणजे बोट पक्की नाही तर कार्यक्रम लिहिता येत नाही, आणि व्हिसा नाही तर बोटीत पैसे अडकवायला जीव धजत नाही. यातून वाट अशी निघाली की बोटीचं टाइमटेबल बऱ्याच आधी जाहीर होतं, त्यावरून तारखा धरल्या, बेटावरच्या गेस्टहाऊसला ईमेल करून खोली धरून ठेवायला सांगितलं, मग बुकिंग उघडल्याच्या दिवशी बोट घेतली आणि त्याच आठवड्यात व्हिसाचा अर्ज टाकला. राहण्याची सोय बोटीच्या आधी बघा, हे परत सांगते. या बेटांवर तंबू ठोकून राहायला बंदी आहे, त्यामुळे उतरल्यावर बघू, काही नाही तर किनाऱ्यावर झोपू, हा विचार मनातून काढून टाका.

व्हिसाच्या अर्जात बोटीतल्या रात्रीपुढे 'राहण्याचा पत्ता' काय लिहायचा यावर आमची बराच वेळ चर्चा झाली. ताई म्हणाली, "अगं, समुद्र लिही ना." मी बोटीचं नाव लिहिलं, कुठून कुठे ते लिहिलं आणि बुकिंगची प्रिंट जोडली. कुणी काही विचारलं नाही. बाकी नेहमीचंच, बँकेचं स्टेटमेंट, इन्कम टॅक्स रिटर्न, रजेचं पत्र. आठवड्याभराच्या आसपास व्हिसा आला. एक छोटी टिप, सोबत एका पानाचं पत्र जोडा की आपण पक्षी बघायला चाललोय आणि हे बेट फक्त बोटीने गाठता येतं. त्याने फरक पडला की नाही देव जाणे, पण एवढ्या आडबाजूला का जाताय हा प्रश्न कुणी विचारायच्या आत उत्तर हातात असलेलं बरं.

बोटीचं तिकीट हा या ट्रिपमधला सगळ्यात मोठा खर्च. सेकंड क्लासमध्ये दोन प्रकार. एक म्हणजे मोठ्या खोलीत जमिनीवर ओळीने गाद्या, प्रत्येकाची जागा नंबर घालून ठरलेली. दुसरा म्हणजे पडदा लावता येणारा बर्थ, थोडा महाग. आम्ही जाताना जमिनीवरची जागा घेतली, येताना बर्थ. भाडं सीझनप्रमाणे आणि इंधनाच्या अधिभाराप्रमाणे बदलत राहतं, पण एका बाजूला माणशी ३०,००० येनच्या आसपास धरून चाला. बर्थला त्याच्यावर थोडे घाला आणि सरळ बर्थच घ्या. जमिनीवर झोपायला हरकत काहीच नाही, पण पहाटे चारला उठून डेकवर जायचं असेल तर अंधारात दहा माणसांचे पाय चुकवत बाहेर पडावं लागतं.

निघायच्या दिवशी टोकियोच्या ताकेशिबा धक्क्यावर सकाळी नऊलाच पोचलो. हामामात्सुचो स्टेशनवरून चालत जाता येतं, सामान जड असेल तरी. बोट बघून ताई एकदम खूश, सात-आठ मजली पांढरी इमारत पाण्यात उभी केल्यासारखी, २०१६ पासून चालू असलेली ही तिसरी 'ओगासावारा मारू', जवळपास १५० मीटर लांब. रांगेत माणसांपेक्षा खोकी जास्त. बेटावरचं दूध, भाज्या, टपाल, बहुतेक सगळं याच बोटीने जातं.

पहिले दोन-अडीच तास टोकियोच्या खाडीतच जातात. पाणी शांत, बाजूने मालवाहू जहाजं, आणि प्रत्येकाला वाटतं की बोट लागते बिगते म्हणतात ते उगाच. या काळात जेवून घ्या आणि मळमळीची गोळी घ्या. खाडीच्या बाहेर पडल्यावर बोट पहिल्यांदा हलते ना, तेव्हा गोळी घेऊन उपयोग नसतो. मी वेळेवर घेतली होती तरी संध्याकाळी तासभर आडवी पडले, ताईला मात्र काही झालं नाही, ती वरच्या लाउंजमध्ये काचेजवळ बसून नूडल्स खात होती. आडवं पडलं की बरं वाटतं, आणि डेकवर असताना क्षितिजाकडे बघत राहिलं की त्याहून बरं. दुर्बिणीतून सतत बघितलं तर मात्र मळमळ वाढते, म्हणून दोन मिनिटं दुर्बीण, पाच मिनिटं नुसते डोळे, असं करा.

दुर्बीण ८ पटीची न्या. १० पटीची हलत्या बोटीवर धरवत नाही. टेलिस्कोप घरी ठेवा. खाऱ्या पाण्याचा फवारा काचेवर बसतो आणि वाळला की मिठाचा थर, तो कोरड्या कापडाने पुसला तर काचेवर ओरखडे येतात. आधी गोड्या पाण्याने धुवायचं, मग मऊ कापड.

दुपारी चारनंतर मियाकेजिमा आणि मिकुराजिमा या बेटांजवळून बोट जाते तेव्हा खरी सुरुवात झाली. स्ट्रीक्ड शिअरवॉटर, लांब पंखांचे समुद्री पक्षी. मिकुराजिमावर या पक्ष्यांची जगातली सगळ्यात मोठी वसाहत आहे, जंगलाच्या जमिनीत बिळं करून राहतात, आणि संध्याकाळ झाली की समुद्रावर जमतात. पांढुरकं तोंड, वरून तपकिरी, पंख ताठ, आणि लाटेच्या उतारावरून असे काही घसरतात की पंखाचं टोक आता पाण्याला लागणार असं दर वेळी वाटतं आणि लागत नाही. पहिले पंधरा-वीस मी मोजले, मग शेकड्यांनी यायला लागले आणि मोजणं सोडलं. माझ्या शेजारी एक जपानी आजोबा लांब लेन्स घेऊन उभे होते, त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला जपानी येत नव्हतं, पण काही वेगळं दिसलं की ते माझ्या कोपराला हलकेच टोचून बोट दाखवायचे. सोबत चित्रांचं पक्ष्यांचं पुस्तक ठेवा. दोघांनी एकाच चित्रावर बोट ठेवलं की संभाषण पूर्ण.

हाचिजोजिमा मागे पडेपर्यंत अंधार झाला. थोड्या वेळाने मोबाईलची रेंज गेली ती दुसऱ्या दिवशीपर्यंत आली नाही, घरी आधीच सांगून ठेवा नाहीतर लोक काळजी करत बसतात. रात्री बाहेरचा डेक बंद करतात. मला याचं थोडं वाईट वाटलं, कारण रात्रीच बोट तोरिशिमाच्या बाजूने जाते. हे तोरिशिमा बेट म्हणजे शॉर्ट-टेल्ड अल्बट्रॉस या मोठ्या, लांब पंखांच्या समुद्री पक्ष्याचं घर. पिसांच्या धंद्यासाठी माणसांनी या पक्ष्यांची इतकी कत्तल केली की १९४९ मध्ये जात संपली असं जाहीर झालं, आणि १९५१ मध्ये त्याच बेटावर दहाएक पक्षी सापडले. तिथून संख्या वाढवत आणली, पण तोरिशिमा जागता ज्वालामुखी, सगळी अंडी एकाच टोपलीत. म्हणून २००८ ते २०१२ मध्ये यामाशिना पक्षीसंशोधन संस्थेच्या लोकांनी ७० पिल्लं तिथून उचलून ओगासावारातल्या मुकोजिमा बेटावर नेली, हाताने भरवून वाढवली, आणि २०१६ मध्ये तिथे वीण झाल्याची खात्री झाली. बोटीच्या वेळा अशा आहेत की जाताना आणि येताना दोन्ही वेळा तोरिशिमा अंधारातच जातं. असो.

पहाटे साडेचारला डेकचं दार उघडायची वाट बघत पाच-सहा जण उभे होते, त्यात ते आजोबा पुढे. हवा बदलली होती, उबदार आणि चिकट, पाणी एकदम गडद निळं. पक्षी कमी पण वेगळे. हा भाग नवीन माणसाला जड जातो कारण तासभर काही म्हणजे काही दिसत नाही, आणि मग एक काळा ठिपका तीन सेकंद दिसून लाटेमागे जातो. इथे धीर धरा, खाली जाऊन झोपू नका. बोनिन पेट्रेल हा समुद्री पक्षी याच वेळात दिसला, वरून करडा, डोकं काळसर, कपाळ पांढरं, आणि लाटेच्या वर गोल कमान घेत उडतो ते एकदा बघितलं की पुढचा ओळखता येतो. बुलवर्स पेट्रेल पूर्ण काळपट, शेपूट लांब, पाण्याला धरून उडणारा. बॅनरमन्स शिअरवॉटर छोटा, काळा-पांढरा, भराभर पंख मारणारा. आणि छोटा काळा-पांढरा दिसला की सगळे डेकवरचे लोक दचकून कॅमेरे उचलतात, कारण तो ब्रायन्स शिअरवॉटर असू शकतो. मिडवे बेटावर १९६३ मध्ये मिळालेल्या एका नमुन्यावरून २०११ मध्ये ही जात नव्याने नोंदली गेली, तेव्हा ती संपली असावी असंच वाटत होतं, आणि पुढच्याच वर्षी कळलं की ओगासावारात मिळालेले काही पक्षी त्याच जातीचे आहेत. २०१५ मध्ये तर हिगाशिजिमा या छोट्याशा बेटावर वीणही सापडली. आमचे सगळे बॅनरमन्सच निघाले, पण कॅमेरे उचलायची मजा प्रत्येक वेळी तेवढीच.

नऊच्या सुमाराला डाव्या-उजव्या बाजूला मुकोजिमाच्या गटातली बेटं दिसायला लागली आणि ब्राउन बूबी आले, माशांवर सूर मारणारे मोठे समुद्री पक्षी. ताईसाठी ट्रिप इथे सुरू झाली. बोटीच्या पुढच्या लाटेमुळे उडणारे मासे घाबरून पाण्याबाहेर येतात, पंख पसरून शे-दीडशे फूट जातात, आणि हे बूबी बोटीच्या बाजूने वाऱ्यावर तरंगत त्याचीच वाट बघत असतात. मासा उडाला की सूर. "अगं घेतला! घेतला त्याने! ...सुटला!" अशी कॉमेंट्री ताई पुढचे दोन तास करत होती आणि आजूबाजूचे जपानी लोक न कळता हसत होते. पक्षी बघायला येणारच नाही म्हणणाऱ्या माणसाला घेऊन जायचं असेल तर ही जागा.

चिचिजिमाच्या फुतामी बंदरात ११ ला उतरलो आणि लगेच १२ ची 'हाहाजिमा मारू' पकडली. ही छोटी बोट, ५० किलोमीटर, दोन तास, आणि मोठ्या बोटीपेक्षा जास्त हलते. भाडं चार-पाच हजार येन. ती रोज नसते, टाइमटेबल मोठ्या बोटीच्या टाइमटेबलशी जुळवून बघावं लागतं, त्यामुळे मेगुरो हवा असेल तर उतरल्याबरोबर पुढे हाहाजिमाला जा आणि चिचिजिमा शेवटी करा. उलटं केलं आणि समुद्र खवळून छोटी बोट रद्द झाली तर मेगुरो गेला.

चढायच्या आधी समुद्राच्या पाण्यात भिजवलेल्या पायपुसण्यावर बूट घासायला लावतात. नीट घासा. चिचिजिमावर न्यू गिनीतून आलेला एक चपटा किडा आहे, त्याने तिथल्या गोगलगायी जवळपास साफ केल्या, आणि हाहाजिमावर तो अजून पोचलेला नाही. ही बेटं कधीच कुठल्या खंडाला जोडलेली नव्हती, त्यामुळे इथल्या गोगलगायी, झाडं, किडे जगात दुसरीकडे नाहीत, २०११ मध्ये जागतिक वारसा म्हणून नोंद झाली ती यासाठीच. पायवाटांच्या तोंडाशी ब्रश, व्हिनेगरचा स्प्रे, कपड्यांवरच्या बिया काढायला चिकट रोलर ठेवलेले असतात. पहिल्यांदा हे सगळं करताना दहा मिनिटं गेली, नंतर सवय झाली. जाण्याआधीच बुटांच्या तळाची माती, बॅगेच्या वेल्क्रोत अडकलेलं गवत घरी साफ करून न्या म्हणजे तिथे वेळ जात नाही.

हाहाजिमावर साडेचारशेच्या आसपास लोक राहतात. एक बंदर, एक वस्ती, दोन-तीन दुकानं. गेस्टहाऊसच्या मालकीणबाई धक्क्यावर नावाची पाटी घेऊन उभ्या होत्या. मी खोलीत सामान टाकून दुर्बीण घेऊन बाहेर पडणार, जंगल कुठल्या दिशेला वगैरे नकाशात बघत होते, आणि त्यांनी मला हाताला धरून मागच्या परसात नेलं. पपईचं झाड. पिकलेल्या पपईला भोक पडलेलं आणि त्यात डोकं खुपसून मेगुरो! दोन महिने ज्याच्यासाठी कागद गोळा केले तो पक्षी दहा फुटांवर, माझ्याकडे ढुंकून न बघता पपई खातोय. शेजारी चष्मेवाले पक्षी होते, ते माणसांनी आणून सोडलेले, ते भित्रे, जरा हाललं की उडायचे. मेगुरो नाही. डोळ्याभोवती पांढरी कड आणि त्याखाली काळा त्रिकोण, त्यामुळे सतत काहीतरी गंभीर विचार चाललाय असं वाटतं. मला हसू आणि रडू एकदम आलं. ताई म्हणाली, "एवढासाच?"

दुसऱ्या दिवशी पहाटे चिबुसायामा चढलो, ४६३ मीटर, वाट नीट बांधलेली, पण चिखल आणि दमट हवा, चार-पाच तास धरा. पाणी माणशी दोन लिटर. मेगुरो इथे पावलोपावली, आणि पपईच्या झाडावर कळत नाही ते इथे कळतं. तो झाडाच्या खोडावर उलटा खाली उतरतो, जमिनीवर उड्या मारत पालापाचोळा उलटतो, फांद्यांच्या टोकाला किडे शोधतो. बेटावर सुतारपक्षी नाही, चिमण्या-बिमण्या नाहीत, म्हणून सगळ्यांची कामं यानेच घेतल्यासारखी वाटतात. त्याला समुद्र ओलांडता येत नाही म्हणा किंवा तो ओलांडत नाही म्हणा, शेजारच्या बेटांवरचे मेगुरो पाचेक किलोमीटरच्या अंतरावर असूनही जनुकांनी वेगळे पडलेत. चिचिजिमावरचा संपला तो संपला, इथून उडून तिथे कुणी जाणार नाही. वटवट्या पक्ष्यांपैकी एक जात इतकी धीट की बुटाच्या लेसपाशी येऊन किडे शोधत होती.

मला ओगासावाराचा ग्रीनफिंच हा छोटा पक्षीही बघायचा होता. अलीकडे ती वेगळी जात म्हणून मांडली गेलीय आणि उंदरांमुळे फारच थोडे उरलेत. नाही दिसला. मालकीणबाईंनी मान हलवली, त्यांनाही बऱ्याच दिवसांत दिसला नव्हता. इथे पूर्वी एक रानपारवा, एक कस्तुर आणि एक जाड चोचीचा ग्रोसबीक होता, तिन्ही एकोणिसाव्या शतकातच संपले, त्यामुळे 'नाही दिसला' याचं इथे जरा वेगळं दडपण येतं.

दक्षिण टोकाला मिनामिझाकीला गेलात तर तिथलं कुंपण बघा. २००५ मध्ये इथल्या बूबी आणि शिअरवॉटरच्या वसाहतीत रानटी झालेल्या मांजरांनी धुमाकूळ घातला, बूबी तोंडात धरून चाललेल्या मांजराचा फोटोही मिळाला. मग कुंपण घातलं आणि मांजरं पकडायला सुरुवात केली. पण मारली नाहीत. पकडलेली मांजरं 'ओगासावारा मारू'तूनच टोकियोला जातात, तिथले पशुवैद्य त्यांना माणसाळवतात आणि मग घरं शोधून देतात. आपण ज्या बोटीने जातो तिच्यातूनच ती पण जातात, तीही २४ तास, हे ऐकून ताईला फार बरं वाटलं.

परत चिचिजिमाला आलो तेव्हा दुकानांत भाज्या जवळपास संपल्या होत्या, पुढची बोट येईपर्यंत असंच. शाकाहारी असाल तर टोकियोहूनच थेपले, चिवडा, पाकिटातलं वरण असलं काहीतरी घेऊन जा, माशाशिवाय जेवण मागणं इथे अवघड आहे आणि मालकीणबाईंना संकटात टाकण्यासारखं. ईमेलमध्ये आधी कळवलं तर काहीजण करून देतात. रोख पैसेही जवळ ठेवा, कार्ड सगळीकडे चालत नाही. आम्हाला राहणं माणशी रात्रीला ८,००० ते १०,००० येन पडलं, काही ठिकाणी जेवणासकट.

चिचिजिमावर सकाळी मिनामिजिमाची होडी घेतली. या बेटावर दिवसाला जास्तीत जास्त १०० माणसं, एका गाईडमागे १५, आणि दोन तासांत बाहेर. हिवाळ्यात काही महिने पूर्ण बंद. ठरलेल्या दगडांवरूनच पाय टाकायचे कारण दोन्ही बाजूंना वेज-टेल्ड शिअरवॉटरची बिळं. होडीचं बुकिंग आदल्या रात्री मिळेल म्हणून थांबू नका, बोटीचं बुकिंग झालं की लगेच याचंही करा.

संध्याकाळी लालडोक्या रानपारव्याच्या मागे. एके काळी याची संख्या काही डझनांवर आलेली, मांजरं कमी झाल्यावर वाढली. त्याच्या राखीव जंगलात गाईडशिवाय जाता येत नाही, म्हणून आम्ही स्थानिक गाईडसोबत अर्धा दिवस घेतला, स्वस्त नाही पण पैसे वसूल. आधी नुसता आवाज आला, गाय हंबरल्यासारखा, खोल, कुठून येतोय कळेना. मग रस्त्याच्या कडेला एक काळा पारवा बिया वेचताना, मानेवर जांभळी चकाकी, डोकं वाइनच्या रंगाचं. अर्धं मिनिट असेल. गाईडने हात वर करून मागून येणारी स्कूटर थांबवली, आणि स्कूटरवाला पण इंजिन बंद करून बघत बसला.

निघायच्या दिवशी धक्क्यावर ढोल वाजतात, गावातल्या होड्या बोटीच्या बाजूने पळवत आणतात आणि त्यातून पोरं-पोरी पाण्यात उड्या मारतात. सगळे प्रवासी त्या बाजूला असतात. जरा वेळाने दुसऱ्या बाजूचा डेक रिकामा मिळतो, बूबी तिकडेच असतात.

येताना बर्थमध्ये मस्त झोप झाली. सकाळी हाचिजोजिमाच्या दक्षिणेला ब्लॅक-फुटेड अल्बट्रॉस, एका वेळी एक-दोनच, पंख न हलवता बोटीला मागे टाकून गेले. दुपारी ३ ला टोकियो. त्याच रात्रीचं विमान चुकूनही घेऊ नका, समुद्र खराब असेल तर बोट उशिरा येते, आणि वादळात वेळापत्रकच पुढेमागे होतं. आम्ही मधे एक मोकळा दिवस ठेवला होता, तो कपडे धुण्यात आणि झोपण्यात गेला, जमिनीवर आल्यावरही रात्री पलंग हलत होता.

जपानपर्यंतचं विमान सोडून एकूण खर्च माणशी १,४०,००० येनच्या आसपास आला, त्यात निम्म्याहून थोडा कमी बोटींचा. ताई आता हिवाळ्यात चल म्हणतेय, फेब्रुवारी-मार्चमध्ये हंपबॅक देवमासे असतात आणि अल्बट्रॉस जास्त दिसतात म्हणून. तुम्हीही तेव्हाचं ठरवत असाल तर आधी बोटीच्या दुरुस्तीच्या तारखा बघा, हिवाळ्यात काही आठवडे ती ड्रायडॉकला असते आणि तेव्हा तारखांचा सगळा हिशोब बदलतो.